लेकरू रात्री किंचाळून उठते तेव्हा

दिवसभर राबणाऱ्या माणसासाठी रात्रीची झोप म्हणजे दुसऱ्या दिवसाची मजुरी असते. झोप झाली नाही तर पाठीवर पोते पेलत नाही, हातातला विळा चालत नाही. अशा घरात अडीच वर्षांचे लेकरू रात्री किंकाळी फोडून उठले, की माणसे आधी घाबरतात, मग वैतागतात आणि शेवटी एकमेकांवर ओरडतात. आमच्या घरात हे दोनदा झाले. पहिल्यांदा १९९३ साली, आमच्या मुलाच्या बाबतीत. दुसऱ्यांदा २०२२ साली, त्याच्या मुलीच्या बाबतीत. दोन्ही वेळा आम्ही आधी चुकलो. आमच्या चुका दुसऱ्या घरात होऊ नयेत, म्हणून हे लिहीत आहोत.

आम्ही म्हणजे दोघे नवरा-बायको. एक निलंग्याच्या मार्केट यार्डात हमाली करणारा, दुसरी लोकांच्या शेतात रोजाने जाणारी. लिहिण्याची सवय नाही. एकाने सांगितले, एकाने वहीत उतरवले, आणि जिथे आठवण जुळली नाही तिथे भांडून जुळवून घेतली.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आमच्या भागातला कोणीही माणूस विसरलेला नाही. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झाली होती. चार वाजायला चारेक मिनिटे कमी असताना जमीन हलली. औसा तालुक्यातले किल्लारी, तिकडे धाराशिव म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातले सास्तूर, अशी कितीतरी गावे झोपेतच गाडली गेली. हजारो माणसे गेली. पुढे बावन्न गावे नव्या जागी वसवावी लागली. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि त्यावर मातीचे जड माळवद, अशी ती घरे होती. जी घरे पिढ्यान्‌पिढ्या सावली देत होती, तीच अंगावर आली. आम्ही तेव्हा निलंगा तालुक्यातल्या आमच्या गावी होतो. आमचे घर कुडाचे, वर पत्रे. भिंत एका बाजूला कलली, पत्रे खडखडले, आम्ही लेकरू उचलून बाहेर पळालो. गरिबाचे हलके घर त्या रात्री उपयोगी पडले.

मुलगा तेव्हा दोन वर्षांचा होता. पुढे कितीतरी दिवस आम्ही अंगणात ताडपत्री बांधून झोपलो. वरून पाऊस, खालून मधूनच बसणारे बारीक हादरे. आणि रोज पहाटे, चारच्या आसपास, मुलगा दचकून उठायचा. डोळे उघडून आमच्याकडे बघायचा, गळ्याला मिठी मारायचा आणि वर बोट दाखवून ‘पल्लं, पल्लं’ म्हणत रडायचा. मिठी सोडवायला गेले की नखे रुतवायचा. दिवसासुद्धा घराच्या उंबऱ्यात पाऊल टाकायचा नाही.

गावात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, ‘लेकराला भुईतली हवा लागली.’ आमच्या घरातल्या थोरल्यांनी धम्मदीक्षा घेतल्यापासून अंगारे-धुपारे बंद झालेले होते. पण भीती माणसाला कुठे नेईल सांगता येत नाही. एके दिवशी आईला न सांगता आम्ही मुलाला एका जाणत्याकडे घेऊन गेलो. त्याने निखाऱ्यावर मिरच्या आणि आणखी काय काय टाकले आणि लेकराचे तोंड त्या धुरावर धरायला लावले. धरणारे हात आमचेच होते. लेकरू खोकून खोकून निळे पडायला आले तेव्हा आम्ही उठून पळालो. त्या दिवसापासून त्याला छपराची भीती होतीच, चुलीच्या धुराचीही बसली. हे लिहिताना आजही लाज वाटते, पण लपवले तर लिहिण्याचा उपयोग काय?

आईला कळले. ती ओरडली नाही. एवढेच म्हणाली, “लेकरू भ्यालंय. भ्यालेल्या लेकराला धुरी देतेत व्हय?” मग म्हणाली, “तुमी दोघं रातभर पत्र्याकडं बघत पडताव. जरा भांडं वाजलं की उठून बसताव. ते लेकरू तुमच्याकडं बघून भितंय.”

हे खरे होते. आम्ही दोघेही झोपत नव्हतो. कुत्रे भुंकले तरी ‘आलं का?’ म्हणून एकमेकांना विचारत होतो, आणि दोघांच्या मधे पडलेले लेकरू सगळे ऐकत होते. आईने पाळ्या लावून दिल्या. एकाने जागायचे, एकाने झोपायचे, आणि जागणाऱ्याने भूकंपाचे नाव काढायचे नाही. रात्री लेकरू उठले की ती त्याचा तळहात आपल्या छातीवर ठेवायची आणि हळू आवाजात एकेक ओळख करून द्यायची, हा तुझा बा, ही माय, ही आपली शेळी, हे अंगण. दिवसा उजेडी त्याला कडेवर घेऊन घराभोवती फिरवायची, भिंतीला हात लावू द्यायची. पहिले आठ दिवस बाहेरून, मग उंबऱ्यात, मग आत. कुठलीच घाई केली नाही. होळीच्या सुमारास तो घरात झोपला आणि सकाळीच उठला.

आम्हाला वाटले, लेकराच्या भीतीचे औषध आपल्याला कळले. उराशी धरायचे, बोलत राहायचे. एवढे समजून आम्ही पुढची तीस वर्षे निश्चिंत होतो.

आता २०२२ सालाकडे येऊ. गाव सोडून आम्ही निलंग्यात आलो त्याला बरीच वर्षे झालीत. दोन खोल्या, वर पत्रे, खाली फरशी, सगळे जमिनीवर गोधड्या टाकून झोपतो. मुलगा पुण्यात गवंडीकाम करतो. सून आणि नात तेव्हा आमच्याकडे होत्या. नात अडीच वर्षांची. त्या सप्टेंबरात आमच्याच तालुक्यातल्या हासोरी गावात जमिनीतून आवाज येऊ लागले, बारीक धक्के बसू लागले. तिथली माणसे रात्री घराबाहेर काढू लागली. बातमी ऐकून आमच्या पोटात १९९३ चा गोळा परत उठला. आणि त्याच दिवसांत नात रात्री किंचाळू लागली.

ती नऊ वाजता झोपायची. साडेदहाच्या सुमारास एकदम किंकाळी. उठून बसलेली, डोळे सताड उघडे, अंग घामाने ओले, छाती धडधडत असलेली. ‘आज्जी, आज्जी’ म्हणून ओरडायची आणि आजीने जवळ घेतले की आजीलाच लाथा मारायची. नजर आमच्यावर, पण ओळख नाही. आम्ही आईचे औषध सुरू केले. घट्ट उराशी धरले. ती आणखी झटापट करू लागली. दिवा लावला, नावाने हाका मारल्या, गदागदा हलवले, एकदा तर तोंडावर पाणी मारले. जेवढे जास्त करू तेवढा आकांत वाढायचा. आणि मग एकाएकी, दोरी सुटल्यासारखी ती आडवी व्हायची आणि गाढ झोपायची. सकाळी उठून हसत चहा-बटर मागायची. रात्रीचे काही म्हणजे काही आठवत नसायचे. आमचे डोळे मात्र लाल.

हासोरीचे हादरे लेकराला कळतात, असे आम्ही धरून चाललो. गल्लीने वेगळेच धरले. आमच्यापासून दोन घरे सोडून एक एकट्या म्हाताऱ्या बाई राहतात. नातीला त्या रोज मूठभर शेंगा द्यायच्या. गल्लीतल्या एकीने सुनेच्या कानात घातले, “शेंगा खाल्ल्यापासूनच सुरू झालं बघ.” सुनेने पोरीला तिकडे पाठवणे बंद केले. दोन दिवसांत त्या बाईंना अंदाज आला. त्यांनी आमच्या दारावरून जाणे सोडले. नळाला सुद्धा सगळ्यांचे पाणी भरून झाल्यावर यायच्या. लेकरू आमचे रडत होते आणि शिक्षा त्यांना मिळत होती.

तिकडून मुलाचा फोन आला. “अमक्या बाबाकडं न्या, माझ्यासोबतच्या मिस्त्रीच्या पोराला गुण आला.” तेव्हा आम्ही त्याला त्याच्या लहानपणीचा तो मिरच्यांचा धूर पहिल्यांदा सांगितला. त्याला काहीच आठवत नव्हते. बराच वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, “मंग दवाखान्यात न्या.”

लेकरांच्या डॉक्टरीणबाईंनी आधी कान, घसा, पोट तपासले. घोरते का, झोपेत श्वास अडकतो का, रात्री शौचाची जागा खाजवते का, हे विचारले. जंत झाले तर रात्री खाज सुटून लेकरू उठते, कान दुखत असेल तर आडवे झाल्यावर दुखणे वाढते, म्हणून हे आधी पाहावे लागते. मग त्यांनी तीन प्रश्न विचारले. झोपल्यापासून किती वेळाने उठते? तेव्हा तुम्हाला ओळखते का? सकाळी आठवते का? आमची उत्तरे ऐकून त्या म्हणाल्या, “ती उठतच नाही. झोपेतच असते.”

त्यांनी समजावले ते आमच्या शब्दांत असे. रात्रीच्या पहिल्या भागात लेकराची झोप फार गाढ असते. तिथून हलक्या झोपेत येताना कधी कधी मेंदू अर्धा जागा, अर्धा झोपलेला असा अडकतो. शरीर घाबरल्यासारखे वागते, ओरडते, घाम येतो. पण लेकरू आतून झोपलेले असते. म्हणून ते ओळखत नाही, म्हणून त्याला आठवत नाही. हे स्वप्न नव्हे. वाईट स्वप्न बहुधा उत्तररात्री, पहाटेकडे पडते. तेव्हा लेकरू खरेच जागे होते, आईला ओळखते, मिठी मारते, बोलता येत असेल तर काय दिसले ते सांगते. स्वप्नाने उठलेल्या लेकराला जवळ घ्यावे. झोपेत ओरडणाऱ्याला जबरदस्तीने उठवू नये, आवळून धरू नये.

तेव्हा आम्हाला उलगडा झाला. मुलाचे पहाटे चारचे उठणे वेगळे होते आणि नातीचे साडेदहाचे वेगळे. रडणे सारखे दिसले, म्हणून आम्ही एकाचे औषध दुसऱ्याला दिले होते.

डॉक्टरीणबाईंनी आणखी विचारले, “दुपारी किती झोपते?” आम्ही एकमेकांकडे पाहिले. उडीद-मुगाच्या काढणीपासून आम्ही तिघेही सकाळी सातला घर सोडत होतो. नात आमच्याबरोबर बांधावर. तिथे बकऱ्या, फुलपाखरे, दुसऱ्यांची पोरे. दुपारची झोप बंद झाली होती. पुढे सोयाबीनची काढणी होतीच. एक-दोन वर्षांच्या लेकराला दिवस-रात्र मिळून अकरा ते चौदा तास झोप लागते, तीन-चार वर्षांच्याला दहा ते तेरा तास. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली हेच आकडे दिले आहेत. आमच्या नातीची झोप नऊ तासांवर आली होती. झोप अपुरी पडली, लेकरू अतिशय दमले, ताप आला, जागा बदलली, लघवी तुंबली, की असे झोपेतले ओरडणे वाढते. काही घराण्यांत ते जास्त असते. ना भुईची हवा, ना शेंगा. दोष असलाच तर काढणीच्या घाईचा होता.

घरी येऊन आम्ही काय केले ते सांगतो, कारण त्याला पैसा लागला नाही.

पहिले म्हणजे दुपारची झोप परत आणली. शेतात बांधावरच्या लिंबाला लुगड्याची झोळी बांधली. बारा-साडेबाराला भाकरी झाली की तिघांपैकी एकीने तिला झोपवायचे. शेतमालकाने आधी कुरकुर केली, मग गप्प बसला. रात्रीचे निजणे अर्धा तास अलीकडे घेतले. जेवणानंतरचा मोबाईल बंद केला. आधी आजोबांचा, मग तिचा. रोज तेच, त्याच क्रमाने. हातपाय धुणे, लघवी, वंदना, एक गोष्ट, दिवा मंद.

दुसरे, वही. कॅलेंडरशेजारी खिळ्याला वही टांगली आणि नऊ रात्री वेळ लिहिली. जवळजवळ रोज ती झोपल्यापासून दीड तासाने ओरडत होती. डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे आम्ही त्या वेळेच्या पंधरा-वीस मिनिटे आधी तिला हळूच हलवू लागलो. पुरते जागे करायचे नाही. कूस बदलली, काही पुटपुटली की पुरे, पुन्हा झोपू द्यायचे. हे तीनेक आठवडे नेमाने केले.

तिसरे, ओरडण्याच्या वेळेची शिस्त. एकानेच उठायचे. मोठा दिवा लावायचा नाही, झिरोचा पुरे. तिला उचलायचे नाही. भिंत आणि ती यांच्यामध्ये आपला हात ठेवायचा, म्हणजे डोके आपटणार नाही. पाट्याचा दगड, पत्र्याची पेटी, हंडा-कळशी हे निजायच्या जागेपासून आधीच दूर करायचे. ती उठून चालू लागली तर हलकेच वळवून आणायचे, दाराला वरची कडी लावायची. बोललेच तर हळू, एकच वाक्य, “आज्जी हाय हितं.” बाकीच्यांनी तोंडातून शब्द काढायचा नाही. सकाळी ‘रात्री कशी ओरडलीस’ म्हणून तिची नक्कल करायची नाही, हसायचे नाही. तिला ठाऊकच नसलेली भीती तिच्या डोक्यात घालायची कशाला?

सगळ्यात कठीण हे शेवटचे होते. लेकरू आकांत करते आणि आपण नुसते बसायचे, हे आईबापाच्या मनाला पटत नाही. पहिल्या रात्री आम्हाला वाटले तासभर चालले. घड्याळ पाहिले तर सात मिनिटे झाली होती. दुसऱ्या रात्री सहा. घड्याळाने आम्हालाच धीर दिला. पुढे एक दिवसाआड, मग आठवड्यातून एकदा, आणि थंडी पडेपर्यंत ते बंद झाले. नंतरच्या वर्षी एकदा तापात पुन्हा झाले, तेव्हा घरात कोणी उठून पळापळ केली नाही.

राहिल्या त्या शेंगावाल्या बाई. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेले सगळे सुनेनेही ऐकले होते. ती स्वतः पोरीला कडेवर घेऊन त्यांच्या दारात गेली आणि म्हणाली, “मावशी, पोरगी तुमची वाट बघते.” त्या काही बोलल्या नाहीत, आत जाऊन शेंगांचे भांडे घेऊन आल्या. ज्या बाईने कानात घातले होते तिला आम्ही नळावर चारचौघींत शांतपणे सांगितले, की अमकी करणी करते असे म्हणून एखाद्याचे जगणे अवघड करणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. तिचाही राग नाही. आम्ही काय केले होते ते आम्हाला ठाऊक आहे.

काही गोष्टी मात्र घरी बसून पाहू नयेत. झोपेत हातपाय एकसारखे झटके देत असतील, अंग ताठ होत असेल, तोंडाला फेस येत असेल, ओठ निळे पडत असतील, तर ती फिट असू शकते. लगेच दवाखाना गाठावा. लेकरू जोरात घोरत असेल आणि मधेच श्वास थांबत असेल, एका रात्रीत कितीतरी वेळा उठत असेल, दिवसा मलूल राहत असेल, तरी दाखवावे. एखादे लेकरू एखाद्या माणसाला, जागेला पाहून भीत असेल आणि रात्री उठत असेल, तर त्याला कोणी मारले, छळले का, हे शोधावे. घरात दारू पिऊन भांडणे होत असतील तर लेकराच्या झोपेसाठी आधी ती थांबवावी लागतील. जंताची गोळी अंगणवाडीत फुकट मिळते, ती चुकवू नये.

आणि झोपेसाठी म्हणून सर्दी-खोकल्याचे औषध, दारूचा थेंब, असे काही लेकराच्या तोंडात घालू नये. एके काळी मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या मजूर बाया लेकरू झोपून राहावे म्हणून अफूची बाळागोळी देत. त्या वाईट आया नव्हत्या. पाळी चुकली तर चूल विझत होती. पण त्या गुंगीने लेकरांचे जीव जायचे. आज आपल्याला विचारायला आशाताई आहे, अंगणवाडी आहे, सरकारी दवाखाना आहे. विचारायला लाजू नये.

नात आता शाळेत जाते. रात्री गाढ झोपते, एकदा पाय आजोबांच्या अंगावर टाकला की सकाळपर्यंत. पहाटे चारच्या सुमारास आमच्यापैकी एकाला मात्र अजून जाग येते. मग आम्ही पत्र्याकडे बघत नाही. पोरीच्या अंगावरची वाकळ सारखी करतो आणि पुन्हा आडवे होतो. जयभीम.